८० एमएम दुर्बिणीला फ्लॅटनर लावून आठ महिने झाले, कोपऱ्यातल्या ताऱ्यांची सगळी कथा

मागच्या दसऱ्याला माझ्या ८० एमएम एफ/६ ईडी डब्लेटसाठी (पुढं दोन भिंगांची जोडी असलेली दुर्बीण) फील्ड फ्लॅटनर घेतला, म्हणजे दुर्बीण आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारं, चित्र सपाट करणारं भिंग. आता मे संपत आला. पहिले दोन महिने हा परत पाठवायच्याच बेतात होतो, बिल पण जपून ठेवलेलं. आज कुणी मागितला तरी देणार नाही. मधे काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण याच घोळात अजून बरेच जण अडकत असणार असं मला मनापासून वाटतं.

आधी हा लागतोच कशाला ते. लेन्समधून आलेलं चित्र सपाट नसतं, कढईच्या आतल्या बाजूसारखं वाकलेलं असतं, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे तवा. मधला तारा टोकदार केला की कडेचे सुटतात, कडेचा धरला की मधले फुगतात. फ्लॅटनर नव्हता तेव्हा मी मध्यापासून साधारण एक तृतीयांश अंतरावरचा तारा धरून फोकस करायचो, त्यानं जरा निभावतं, पण कृत्तिकांच्या फोटोत चारी बाजू कापून टाकाव्या लागायच्या.

माझा कॅमेरा कॅनन ७००डी, सेन्सर २२.३ बाय १४.९ मिलिमीटर. फ्लॅटनरवर एवढंच लिहिलेलं की मागं सेन्सरपर्यंत ५५ मिलिमीटर अंतर (बॅकफोकस) ठेवा. कॅननचं लेन्स बसते त्या कड्यापासून सेन्सरपर्यंत ४४ आणि टी-रिंगचे (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी रिंग) ११, झाले ५५, म्हटलं संपला विषय. गगनबावडा रोडला काकांचं शेत आहे तिथं गेलो, गुऱ्हाळं सुरू झालेली, पश्चिमेला धुराची पट्टी होती पण डोक्यावर आभाळ चांगलं होतं. मृगातल्या तेजोमेघाचे दोन-दोन मिनिटांचे फोटो काढले आणि घरी येऊन लॅपटॉपवर बघतोय तर चारी कडांचे तारे लांबट, सगळ्यांची लांबी मध्याकडं बोट दाखवल्यासारखी, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात तर तारे नाहीच, नुसत्या रेघा.

मला वाटलं पोलर अलाइनमेंटच चुकली, म्हणजे दुर्बीण ताऱ्यांमागं फिरवणाऱ्या (ट्रॅकिंग करणाऱ्या) माउंटचा आस ध्रुवाकडं नीट रोखलेला नाही. आपल्या कोल्हापुरात ध्रुव जेमतेम १७ अंशांवर असतो, फुलेवाडीतल्या आमच्या गच्चीवरनं तर तो समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागंच जातो, त्यामुळं संशय पहिला तिकडंच गेला आणि दोन शनिवार-रविवार मी नुसता माउंटशी झटत बसलो. नंतर साधी गोष्ट सुचली, जी पहिल्याच रात्री करायला पाहिजे होती: पाच सेकंदाचा फोटो काढायचा. पाच सेकंदात ट्रॅकिंगची चूक दिसण्याएवढी साठत नाही, तरी कडा वाकड्याच आल्या. म्हणजे माउंट निर्दोष. ट्रॅकिंग चुकलं की सहसा पूर्ण फोटोभर तारे एकाच दिशेला लांबतात, मधलेसुद्धा. माझे मधले टाचणीच्या टोकासारखे होते.

आता मुख्य मुद्दा. कडेचे तारे मध्याकडं तोंड करून लांबले असतील, चाकाच्या आऱ्यांसारखे, तर सेन्सर फ्लॅटनरच्या फार जवळ आहे. मध्याभोवती गोल फिरल्यासारखे असतील, चाकाच्या धावेसारखे, तर फार लांब आहे. माझे आऱ्यांसारखे, म्हणजे अंतर कमी पडत होतं. पण ५५ तर पुरे होते की? व्हर्निअर घेऊन टी-रिंग मोजली तर ११ च्या जागी १०.६. आणि दुसरी गोष्ट माझ्या डोक्यातच नव्हती, मी शहराच्या उजेडासाठी बॉडीच्या आत क्लिप फिल्टर बसवलेला, त्याची काच २ मिलिमीटर. फ्लॅटनर आणि सेन्सरच्या मधे काच आली की तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश एवढं अंतर वाढवून द्यावं लागतं, म्हणजे अजून ०.६७ हवे. एकूण एक मिलिमीटरची तूट! फिल्टर फ्लॅटनरच्या पुढं, दुर्बिणीच्या बाजूला लावला तर हा हिशोब लागत नाही, तिथं फक्त फोकस थोडा सरकतो.

एक मिलिमीटरची रिंग ऑनलाइन मिळते पण यायला पंधरा दिवस. इथं उद्यमनगर असताना कशाला थांबायचं. ओळखीचे एक लेथवाले मामा आहेत, त्यांना सांगितलं, त्यांनी पितळी शिमच्या (फट भरायच्या पातळ चकतीच्या) पत्र्यातून रिंग कापून कडा घासून दिली, चहाचे पैसे पण घेतले नाहीत. फ्लॅटनर आणि टी-रिंगच्या मधे ती घातली आणि त्याच रात्री गच्चीवरनं टेस्ट घेतली. तीन कोपरे गोल! खरं सांगतो, त्या रात्री झोप लागली नाही.

पण उजवा खालचा कोपरा तसाच. इथं बहुतेक जण अजून शिम घालत बसतात, मीपण ०.३ ची घालून बघितली, तर बाकीचे तिन्ही बिघडायला लागले. एकच कोपरा वाईट असेल तर तो अंतराचा प्रश्न नाही, काहीतरी तिरकं बसलंय. कुठं तिरकं, ते शोधायला कॅमेरा टी-रिंगसकट ९० अंश फिरवून फोटो काढायचा. वाईट कोपरा फोटोत त्याच जागी राहिला तर दोष कॅमेऱ्याच्या बाजूला, जागा बदलली तर दुर्बिणीच्या किंवा फोकसरच्या (फोकससाठी पुढं-मागं सरकणाऱ्या नळीच्या) बाजूला. सिरिल या आकाशाच्या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटोचे नऊ तुकडे शेजारी-शेजारी दाखवायची सोय आहे, फुकट आहे, तिथं बघितलं, कोपरा तोच. म्हणजे कॅमेरा नाहीतर टी-रिंग.

परत मामांकडं. त्यांनी टी-रिंग सरफेस प्लेटवर (एकदम सपाट पाटावर) ठेवली, एका बाजूला बोटानं हळूच दाबली आणि म्हणाले, "ही डुलतीया की रं." टक् असा बारीक आवाज मी पण ऐकला. रिंगमध्ये आतली एक वेगळी रिंग असते, ती तीन बारीक स्क्रूंनी धरलेली असते. ते तीन ढिले केले, आतली रिंग बाहेर काढली तर खाचेत ॲल्युमिनियमचा कीस अडकलेला, नखाच्या कापल्याएवढा. तो काढला, कडेचा बर (धातूची वर आलेली धार) घासला, रिंग परत बसवून तिन्ही स्क्रू थोडे-थोडे करत आळीपाळीनं आवळले. परत प्लेटवर ठेवली, हलली नाही. चारी बाजूंनी मोजली, १०.६ सगळीकडं, आधी त्या बाजूला १०.७५ भरत होती.

०.१५ मिलिमीटर म्हणजे काय असं वाटेल, पण एफ/६ ला फोकसची सूटच साधारण ०.१ मिलिमीटर. म्हणून मी आता प्रत्येकाला हेच सांगतो, बॅकफोकसमध्ये थोडंसं इकडं-तिकडं एकवेळ चालून जाईल, तिरकेपणात अजिबात नाही.

त्यानंतर फोकसरकडनं थोडा त्रास झाला, दुर्बीण खाली झुकली की कॅमेऱ्याच्या वजनानं नळी किंचित लवते. दोन इंची ढकलून बसवायच्या अडॅप्टरऐवजी थेट आट्यांचं जोडकाम केलं, तेव्हा थांबलं.

आता वस्तू म्हणून कशी आहे ते. माझ्या कॅमेऱ्यासारख्या एपीएस-सी सेन्सरला कोपऱ्यापर्यंत तारे गोल, एकदम टोकाच्या पिक्सेलला थोडी सूज, ती मोठं केल्याशिवाय दिसत नाही. डब्लेटच्या तेजस्वी ताऱ्यांभोवतीचा निळसरपणा यानं जात नाही, ती अपेक्षा ठेवूच नका. मृगाच्या पट्ट्यातल्या पूर्वेकडच्या ताऱ्याभोवती एक फिकट गोल येतो, तो मला अजून घालवता आलेला नाही. आणि एवढ्या पैशात डब्यात दोन-चार शिम द्यायला पाहिजे होते, हे माझं मत ठाम आहे. फुल फ्रेमवाल्यांनी माझ्या भरवशावर घेऊ नका, तेवढ्या मोठ्या सेन्सरवर मी लावलेला नाही.

एप्रिलमध्ये मसाई पठारावरनं ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ काढला, आपल्याकडं तो दक्षिणेला २६ अंशांपर्यंत वर येतो. वारा बेफाम होता, निम्मे फोटो टाकून द्यावे लागले, पण राहिलेले एकत्र केले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा एकही कड कापली नाही. तो फोटो प्रिंट करून मामांना दिलाय, लेथच्या मागं भिंतीला चिकटवलाय त्यांनी.