मायएसक्यूएल ५.७ वर ‘प्रत्येक ग्राहकाच्या शेवटच्या तीन ऑर्डर’: काही महिन्यांच्या वापरानंतर

मायएसक्यूएल ५.७ या डेटाबेसबद्दल बाकी तक्रार नाही. पण गटात (इथे, प्रत्येक ग्राहकाच्या ऑर्डरींना) क्रमांक लावायला त्यात हक्काचं फंक्शन नाही, आणि त्यावरचा जो जुगाड सगळीकडे फिरतो तो गुपचूप चुकतो. ना एरर, ना वॉर्निंग. एकाच ग्राहकाच्या तीनऐवजी सात ऑर्डर रिपोर्टात आल्या की मग डोकं धरायचं.

जुगाड माहीत असेलच: आतल्या सबक्वेरीत (क्वेरीच्या आतली क्वेरी) ग्राहक आणि तारखेने ऑर्डर बाय (क्रमवारी), बाहेर @क्रम आणि @मागचा ही दोन व्हेरिएबल्स. ग्राहक तोच असेल तर एकने वाढवा, बदलला की १. गोम अशी, की ५.७ चा ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) ती सबक्वेरी बाहेरच्या क्वेरीत विरघळवून टाकतो. फ्रॉममध्ये (टेबलांच्या यादीत) ती एकटीच नसेल, तर तिचा ऑर्डर बाय सरळ सोडून देतो. आणि व्हेरिएबल्स शून्य करणारी चिमुकली सबक्वेरी आपण नेमकी तिथेच चिकटवलेली असते! ग्राहकांची सरमिसळ झाली, की पुन्हा पुन्हा १.

इलाज: आतल्या सबक्वेरीला लिमिट (ओळींची मर्यादा) १८४४६७४४०७३७०९५५१६१५ लावा. लिमिट असली की ती विरघळत नाही. आकडा ओंगळ आहे, पण काम करतो. व्हेरिएबल्स दर वेळी शून्य कराच. पूलमधल्या, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या, कनेक्शनवर मागचा ग्राहक तसाच राहतो, आणि पहिला ग्राहक तोच निघाला तर मोजणी मधूनच सुरू होते. तारखा सारख्या असतील तर ऑर्डर बायच्या शेवटी आयडीही लावा.

सेल्फ जॉइनच्या (टेबल स्वतःलाच जोडण्याच्या) नादी लागू नका. हजार ऑर्डरच्या एका ग्राहकामागे पाच लाखांवर जोड्या होतात. ग्रुप कॉन्कॅट (गटातल्या किमती एका ओळीत जोडणारं फंक्शन) मुळातच १०२४ बाइटला कापतं.

इथवर चार स्टार, कारण अपग्रेडचा खर्च वाचला.

अपडेट: आता दोनच. ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, आणि ८.० वर हेच काम रो_नंबर (ओळींना क्रमांक), पार्टिशन बाय (गट) आणि ऑर्डर बाय एवढ्यात होतं. फक्त रो_नंबर थेट व्हेअरमध्ये (अटीच्या भागात) चालत नाही. सीटीई (विथने नाव दिलेली सबक्वेरी) करून बाहेर ‘तीनपर्यंत’ची अट घाला. जुन्या क्वेरीत ‘रँक’ नावाचा कॉलम असेल तर बॅकटिक (`) टाका, ८.० मध्ये तो राखीव शब्द आहे. टेबल अवाढव्य असेल तर रो_नंबरही आधी सगळ्या ओळींना क्रमांक लावत बसतो. तिथे ८.०.१४ पासूनचं लॅटरल (बाहेरच्या ओळीची किंमत आतल्या सबक्वेरीत वापरू देणारी सोय) वापरा: ग्राहकांच्या टेबलला लिमिट ३ ची सबक्वेरी जोडा आणि ग्राहक, तारीख, आयडी असा एकत्र इंडेक्स ठेवा.