फरिश्ताची तवारीख, ब्रिग्जचे भाषांतर आणि एक आळशी पुनर्मुद्रण

दख्खनच्या सुलतानांविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यातला मोठा भाग कळत-नकळत एकाच माणसाकडून आलेला आहे. हसन गंगूला नांगरटीत सापडलेले सोने, बहमनी वजीर महमूद गावानवर रचलेले कपट, तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाचा झालेला शिरच्छेद, या साऱ्या गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या त्या मुख्यतः महंमद कासिम हिंदूशाह ऊर्फ फरिश्ता याच्या फारसी तवारीखेतून. जॉन ब्रिग्जने तिचे केलेले इंग्रजी भाषांतर १८२९ साली चार खंडांत प्रसिद्ध झाले आणि त्याची पुनर्मुद्रणे आजही विकत मिळतात. त्यांतला एक संच वाचून झाल्यावर माझे मत असे झाले आहे की मजकुरासाठी तो जरूर घ्यावा, छपाईबद्दल मात्र फार अपेक्षा ठेवू नये, आणि फरिश्ता कोणाचे मीठ खात होता हे वाचताना एका पानावरही विसरू नये.

फरिश्ताचा जन्म कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा. त्याचे वडील अहमदनगरला मुर्तजा निजामशाहाच्या दरबारी आले आणि शाहजादा मीरान हुसेन याला शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले. पुढे मुलगाही निजामशाही चाकरीत शिरला. १५८८ मध्ये मुर्तजाचा अंत झाला आणि अहमदनगरात कापाकापी सुरू झाली, तेव्हा तिच्यातून तो वाचला आणि पुढच्याच वर्षी विजापूरला गेला. तिथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाने त्याला इतिहास लिहायला सांगितला. प्रस्तावना, बारा प्रकरणे आणि उपसंहार अशी या ग्रंथाची मांडणी आहे. गझनी आणि दिल्लीपासून गुजरात, माळवा, खानदेश, बंगाल, काश्मीर अशा एकेका घराण्याचा हिशेब त्यात येतो. तीसहून अधिक जुन्या ग्रंथांची नावे तो सुरुवातीलाच देतो. आधार सांगण्याची ही सवय दरबारी लेखकांत सगळ्यांनाच होती असे नाही, म्हणून तिचे कौतुक करायला हवे.

या संचाचे खरे मोल दख्खनच्या भागात आहे, आणि त्यातही घराण्यांच्या मुळांविषयी फरिश्ता जे लिहितो त्यात. बहमनी राज्याचा संस्थापक अलाउद्दीन हसन १३४७ मध्ये दौलताबादेत गादीवर आला. फरिश्ताच्या मते हा हसन दिल्लीतल्या गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिषाच्या शेतावर राबत होता. नांगराचा फाळ एका साखळीत अडकला, साखळी ओढली तर मोहरांनी भरलेले भांडे वर आले, आणि त्याने ते जसेच्या तसे मालकापुढे नेऊन ठेवले. गंगूने त्याची पत्रिका मांडून राजयोग सांगितला, आणि राजा झाल्यावर हसनने गंगूला बोलावून खजिन्याचा कारभार त्याच्या हाती दिला. मुसलमान राजाची चाकरी पत्करणारा हा पहिला ब्राह्मण, आणि तेव्हापासून दख्खनेत महसुलाचे दप्तर ब्राह्मणांकडे राहिले, असे फरिश्ता पुढे जोडतो. गोष्ट खरी असो वा नसो, १६०० च्या आसपासचा विजापूरचा माणूस आपल्या डोळ्यांसमोरच्या कुलकर्णी-देशपांड्यांच्या व्यवस्थेचे मूळ कसे शोधत होता, ते या एका परिच्छेदात लख्ख दिसते.

ही गोष्ट खरी मानायला मात्र अडचण आहे. हसनच्याच काळात, १३५० मध्ये, इसामीने आपले फारसी इतिहासकाव्य पुरे करून त्याला अर्पण केले आणि त्यात या गंगूचा पत्ता नाही. नाण्यांवर आणि शिलालेखांत सुलतान स्वतःला बहमनशाह म्हणवतो. अहमदनगरच्या दरबारात बसून लिहिणारा सय्यद अली तबातबा तर हसनचे कूळ थेट प्राचीन इराणच्या इस्फंदियारचा मुलगा बहमन याच्यापर्यंत नेतो. ही वंशावळ फरिश्ताला ठाऊक आहे. ती खुशामतखोरांनी रचलेली आहे, असे म्हणून तो ती बाजूला सारतो, आणि इथे वाचकाला त्याच्या चिकित्सक बुद्धीबद्दल आदर वाटू लागतो.

पण तिसऱ्या खंडात विजापूरचे प्रकरण उघडावे आणि हीच बुद्धी कुठे गेली ते पाहावे. आदिलशाहीचा संस्थापक यूसुफ हा म्हणे तुर्कस्तानच्या सुलतान मुरादचा मुलगा. १४५१ मध्ये मुराद वारला, नव्या सुलतानाने भावांना मारण्याचा हुकूम सोडला, तेव्हा आईने दुसरे मूल पुढे करून यूसुफला एका व्यापाऱ्याबरोबर इराणातल्या सावा गावी धाडले, आणि तिथून तो वाढत वाढत बहमनींच्या राजधानीत, बिदरला पोचला. बहमन आणि इस्फंदियारवर हसणारा लेखक हे सारे गंभीरपणे लिहितो. कारण उघड आहे. बहमनी घराणे बुडून दोन-तीन पिढ्या लोटल्या होत्या, आदिलशाह मात्र समोर तख्तावर बसलेला होता.

निजामशाहीच्या बाबतीत हाच खेळ उलट्या बाजूने दिसतो, आणि माझ्या मते संपूर्ण संचातला हा सर्वांत वाचनीय भाग आहे. अहमदनगरचे घराणे ज्याच्यापासून सुरू झाले तो मलिक हसन बहरी हा मूळचा तिमाप्पा, विजयनगरच्या मुलखातल्या भैरव नावाच्या ब्राह्मणाचा मुलगा, लहानपणी बहमनी फौजेच्या हाती लागून मुसलमान झालेला, असे फरिश्ता सांगतो. या घराण्याचे पूर्वज परभणीकडच्या पाथरीचे कुलकर्णी होते, म्हणून बुऱ्हाण निजामशाहाने वऱ्हाडच्या इमादशाहाकडे पाथरी मागितली आणि त्यावरून तंटा पेटला, हेही तो नोंदवतो. तबातबा निजामशाहाचा आश्रित. त्याच्याकडे हेच घराणे बहमनी सुलतानाच्या रक्ताचे ठरते. मग बहमनींना इस्फंदियारपर्यंत नेण्यात त्याला एवढा रस का, हे वेगळे सांगायला नको. धन्याच्या घराण्याला जोडलेली प्रत्येक पायरी त्याला उंच करायची होती. दोन दरबार, दोन इतिहासकार आणि एकाच माणसाचे दोन बाप, असा हा प्रकार आहे. तबातबाच्या ग्रंथातल्या बहमनी भागाचे किंगने केलेले इंग्रजी भाषांतर १९०० साली आले. ते शेजारी ठेवून फरिश्ता वाचला की दोघेही अधिक कळतात.

प्रसंग रंगवण्यात फरिश्ताचा हात धरणारा दुसरा नाही. महमूद गावानच्या मृत्यूचे प्रकरण त्यासाठीच वाचावे. त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला जातो, त्या कागदावर ओरिसाच्या राजाला फितुरीचे पत्र लिहिले जाते आणि नशेत असलेल्या तिसऱ्या महंमदशाहासमोर ते ठेवले जाते. धन्याशी बेइमानी करणाऱ्याला काय शिक्षा द्यावी, असे सुलतान विचारतो. मृत्यू, असे वृद्ध वजीर उत्तर देतो आणि मग त्याला त्याचेच पत्र दाखवले जाते. हे घडले १४८१ च्या एप्रिलात. मागाहून संपत्ती जप्त करायला गेलेल्यांना गाठ पडते ती जवळजवळ रिकाम्या तिजोरीशी. सरकारी खर्चाचा पैसा वेगळा आणि गोरगरिबांचा वेगळा, असा वजिराचा शिरस्ता खजिनदार उलगडून सांगतो. आफाकी (इराण-तुराणातून आलेले परदेशी) आणि दखनी (इथेच रुजलेले) सरदारांमधल्या वैराने बहमनी राज्य कसे पोखरले, ते या चार पानांत जितके कळते तितके लांबलचक विवेचनांतून कळत नाही. फरिश्ता स्वतः आफाकी होता, त्यामुळे त्याची सहानुभूती कोणाकडे आहे हेही लपत नाही.

आकड्यांवर मात्र विश्वास ठेवू नये. बहमनी-विजयनगर युद्धांत आणि १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत तो मृतांची संख्या लाखांत सांगतो. विजयाचे वर्णन भव्य करण्याची ती दरबारी रीत होती, पण आजही अनेक जण हे आकडे संदर्भ तपासल्याशिवाय पुढे ढकलतात. याउलट अहमदनगरच्या १५९५-९६ च्या वेढ्याचे वर्णन जवळून आलेले आहे, कारण तेव्हा तो शेजारच्या दरबारातच होता. मोगलांनी पाडलेले खिंडार रात्रीतून बुजवून घेणारी चांदबीबी इथे दंतकथेतली वाटत नाही.

आता ब्रिग्जविषयी. हा कंपनीचा लष्करी अधिकारी दख्खनेत वर्षानुवर्षे राहिलेला होता, खानदेशात आणि साताऱ्यात त्याने कारभार पाहिला होता, त्यामुळे किल्ले, घाट आणि नद्या त्याला पायाखालच्या माहितीच्या होत्या. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीच्या लढाईच्या वेळी पुण्याची रेसिडेन्सी जळाली, तीत त्याची हस्तलिखिते गेली आणि काम पुन्हा हाती घ्यावे लागले. एवढ्या चिकाटीच्या माणसाने शेवटचे, सूफी संतांचे प्रकरण गाळावे याचे वाईट वाटते. गुलबर्ग्याच्या गेसूदराजांचा आशीर्वाद बहमनी सुलतान फिरोजशाहाचा भाऊ अहमदशाह याला मिळाला, याला खुद्द फरिश्ताच्या कथनात राजकीय वजन आहे. तख्त आणि खानकाह (सूफींचा मठ) यांचे नाते वगळून या राजवटी पुऱ्या समजत नाहीत. शिवाय मूळ लेखकाने आपल्या धन्याच्या नावाने सजवलेल्या ग्रंथाला ब्रिग्जने ‘हिंदुस्थानातील मुसलमानी सत्तेचा उदय’ अशा अर्थाचे शीर्षक दिले आणि वेगवेगळ्या, आपसांत लढणाऱ्या घराण्यांची कहाणी एका धर्माच्या चढाईची कहाणी वाटावी अशी सोय करून ठेवली. इंग्रजांना ही मांडणी सोयीची होती, आणि आपणही ती फारशी तपासली नाही.

पुनर्मुद्रणाबद्दल थोडक्यात. माझ्याकडचा संच जुन्या प्रतीची छायाचित्रे काढून छापलेला आहे. तळटिपांतले बारीक अक्षर जागोजागी पुसट झाले आहे, काही पाने तिरकी आली आहेत, आणि नव्या प्रस्तावनेच्या नावाखाली एक ओळही नाही. गुलबर्गा शोधायचे तर ‘कुलबर्गा’ असे पाहावे लागते, अहमदनगर ‘अहमदनुग्गुर’ होऊन बसले आहे. बांधणी मात्र मजबूत आहे.

चारही खंड घेणे परवडत नसेल तर दुसरा आणि तिसरा घ्यावा. दख्खन म्हणून अनेक जण फक्त तिसरा मागवतात आणि फसतात, कारण विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा, वऱ्हाड आणि बिदर तिसऱ्यात असले तरी गुलबर्ग्याचे बहमनी दुसऱ्याच्या शेवटी, बाबर-अकबराच्या मागे दडलेले आहेत. खानदेशच्या फारुकींसाठी चौथा लागेल. पहिला खंड ग्रंथालयातून आणला तरी चालेल.