आयपीए ९९.९ टक्के: आठ महिने फ्लॉप्या पुसल्यानंतर

इलेक्ट्रॉनिक जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागाच्या यंत्रावर) चादरींची डिझाइनं फ्लॉपीवरून चढवायचे, तेव्हाचे डबे सोलापुरात अजून निघतात. आत धूळ, तेलकट बोटं आणि पावसाळ्यात धरलेली पांढरी बुरशी. अशा साडेतीन आणि सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) आठ महिने वापरून झालं. तेलकटपणा आणि ड्राइव्हच्या हेडवरची (फ्लॉपी वाचणाऱ्या टोकावरची) काजळी यांना याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. बुरशीपुढे मात्र ते एकटं पुरत नाही.

बुरशीला पाणी लागतं. पाण्याला लोक उगाच घाबरतात. चकतीचा पाया पॉलिएस्टरचा, त्याला पाण्याने काही होत नाही. साडेतीन इंचीच्या मधल्या लोखंडी चकलीला तेवढा गंज चढू शकतो, म्हणून ती लगेच टिपायची. २०० मिली बॅटरीच्या पाण्यात, म्हणजे साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. बुरशी कोरडी झटकायची नाही, बीजाणू उडतात. मास्क लावून ओल्या फडक्यानेच उचलायची. फडकं स्थिर ठेवून चकती फिरवायची. मग साध्या डिस्टिल्डचा हात, टिपणं, आणि शेवटी आयपीए. एका बाजूला अर्धा मिली खूप झाला. पंख्याखाली वाळवू नका, वाळेपर्यंत धूळ परत बसते.

सव्वापाच इंचीचं पाकीट वरच्या कडेने कापून चकती बाहेर काढावी लागते. आतलं अस्तर बुरशी धरून बसलेलं असतं, तेव्हा साफ चकती त्याच पाकिटात परत घालणं म्हणजे मेहनत वाया. एखाद्या निकामी फ्लॉपीचं स्वच्छ पाकीट वापरा.

फडक्याचा रंग बघत राहा. करडा-काळा आला तर बहुधा मळ आहे, पुढे चला. चहासारखा तपकिरी आला तर ऑक्साइडचा, म्हणजे डेटा धरणारा, थर सुटतोय, तिथेच थांबा. बाइंडर, म्हणजे हा थर चकतीला धरून ठेवणारा चिकटा, ओलाव्याने कुजून चिकट झालेला असतो. त्यावर कुठलंही सॉल्व्हंट चोळलं तरी डेटाच पुसला जातो. म्हणून पहिला हात नेहमी मधल्या भोकाजवळ, जिथे ट्रॅक (डेटाची वर्तुळं) नसतात.

हेडसाठी फोमचा स्वॅब (काडीला लावलेला बोळा) आणि आयपीएचे दोन थेंब. कानाच्या कापसाचे धागे हेडच्या कडेला अडकतात. वरच्या हेडचा दांडा फार उचलू नका. स्प्रिंग वाकली की हेड पुन्हा नीट बसत नाही. प्रत्येक मळक्या फ्लॉपीनंतर हेड पुसायचंच, नाहीतर पुढच्या फ्लॉपीवर वर्तुळाकार चरा उठतो आणि तो ट्रॅक गेला. आणि हो, पुसायला सोलापुरी टॉवेल नको. अंगाला उत्तम, पण लव सोडतो; मायक्रोफायबर घ्या.

बाकीच्या बाटल्यांबद्दल थोडक्यात. ॲसिटोन आणि एनसी थिनर (रंगाचं थिनर) प्लास्टिकचं कव्हर विरघळवतात, बाइंडर मऊ करतात. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, ते चिकट राहतं. पेट्रोल आणि डब्ल्यूडी-४० तेलाचा थर मागे ठेवतात. जुने मेकॅनिक सीटीसी सुचवतात. ते म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड, यकृताला घातक, हात लावू नका. औषधाच्या दुकानातलं ७० टक्के आयपीए अडीअडचणीला चालेल, पण सावकाश वाळतं आणि लेबलवर आणखी काय घातलंय ते आधी वाचावं लागतं.

तक्रार एकच, आणि ती आपल्या हवेची. मे महिन्यात चाळिशीपार गेलं की स्वॅब चकतीपर्यंत नेईतो अर्धा सुकतो, मळ विरघळण्याऐवजी पसरतो. सकाळी सातच्या आत काम उरकलं की फरक दिसतो. पावसाळ्यात उलटं: आयपीए उडताना चकती गार पडते आणि दमट हवेतलं पाणी तिच्यावर धरतं, म्हणून ड्राइव्हमध्ये घालायच्या आधी अर्धा तास थांबा. उघडी बाटलीही हवेतलं पाणी ओढते. १०० मिलीच्या छोट्या बाटलीत काढून घ्या, मोठीचं झाकण घट्ट. वाफ १२ अंशांनासुद्धा पेट घेते, तेव्हा देवघराच्या शेजारी ठेवू नका.