सीपॅप मशीन: वर्षभराच्या आत-बाहेर वापरल्यानंतर, एका बाईचा अनुभव

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून हवा सोडणारं मशीन. आधी निकाल सांगून टाकते. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर घ्या, टाळू नका. फक्त पहिले दोनेक महिने वैताग येणार हे धरूनच चला. घेण्याआधी मी जे काही वाचलं ते सगळं पुरुषांनी लिहिलेलं होतं, त्यात नाकातली चमकी, मंगळसूत्र, रात्रीचं क्रीम यातलं काही म्हणजे काही नव्हतं, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

वय ५२, राहायला नाशिक, बँकेत नोकरी. घोरणं जुनंच, पण पाळी जायच्या सुमारास फार वाढलं. बाप्या माणसाचं घोरणं लोक हसून सोडून देतात, बाईचं घोरणं मात्र लपवायचं असतं. लग्नाकार्याला गेलं की हॉलमध्ये सगळ्या बायका शेजारी शेजारी झोपतात, मी काहीतरी निमित्त काढून जागीच बसायचे किंवा लांब कोपऱ्यात गादी टाकायचे. सकाळी उठल्यावर डोकं दुखायचं, दुपारी कॅश टॅली करताना डोळे मिटायचे, रात्री तीन-तीनदा बाथरूमला उठायचे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, डी-3 सगळं तपासून झालं, आणि शेवटी काय तर मेनोपॉज आहे, टेन्शन घेऊ नका. मेनोपॉज होताच, पण गंमत अशी की श्वासाला चालना देणारं प्रोजेस्टेरॉन याच काळात कमी होतं, त्यामुळे स्लीप अॅप्नियाचा, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा, धोका बायकांना याच वयात वाढतो, आणि बायका बऱ्याचदा घोरण्याची तक्रार न सांगता थकवा, डोकेदुखी, झोप लागत नाही असंच सांगतात. मग घोरण्याचं कोण विचारणार.

लेकीने एका रात्री माझा मोबाइलवर व्हिडिओ काढला. घोरणं चालू, मग एकदम शांत, छाती हलतेय पण हवा नाही, आणि मग धाप लागल्यासारखा मोठ्ठा आवाज. तो व्हिडिओ छातीच्या डॉक्टरांना दाखवला, त्यांनी तो पुरता बघितलाही नाही, लगेच स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतली तपासणी, लिहून दिली. घरीच झाली, बोटाला क्लिप, छातीला पट्टा, नाकाला नळी लावून झोपायचं. श्वास दहा सेकंद किंवा जास्त वेळ थांबला किंवा बराच कमी झाला की ती एक घटना, तासाला अशा किती घटना तो एएचआय. 5 च्या आत नॉर्मल, 30 च्या वर गंभीर. माझा 34. ऑक्सिजन एका क्षणी 76 पर्यंत खाली. कोविडमध्ये 90 च्या खाली गेलं की आम्ही माणसाला घेऊन दवाखान्यात पळत होतो आणि इथे मी रोज रात्री आरामात 76 ला जाऊन येत होते!

आता मशीन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या मते मशीनने फार फरक पडत नाही, मास्कने पडतो. मशीन म्हणजे हवेचा एक पंप, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतो, बस. ऑटो प्रकार घेतला, तो 4 ते 20 च्या मध्ये (हे दाबाचं माप, सेंटीमीटर पाणी) दाब आपोआप कमी-जास्त करतो, माझ्या डॉक्टरांनी 6 ते 12 मध्ये ठेवलाय. मास्क धरून खर्च पन्नास हजारांच्या आसपास आला. मेडिक्लेममध्ये बसलं नाही, तुमच्या पॉलिसीत बसतं का ते घ्यायच्या आधीच विचारा, नंतर नाही.

पहिला मास्क तोंड-नाक दोन्ही झाकणारा दिला होता. नणंदेचा नातू बघून म्हणाला, आजी गणपतीबाप्पा झाली. हसायला ठीक आहे, पण रात्री हवा वरून डोळ्यात शिरायची, सकाळी डोळे कोरडे, गालावर वळ, ते वळ घेऊन काउंटरवर बसायचं. पट्टे घट्ट केले तर गळती अजून वाढते, हे उलटं वाटतं पण खरं आहे, सिलिकॉनची कड थोडी फुगायला जागा लागते. क्रीम किंवा तेल लावून झोपलात तर मास्क सरकणारच, म्हणून माझं क्रीम आता संध्याकाळी लागतं आणि झोपताना तोंड धुते. मंगळसूत्र नळीत अडकतं, उशाशी काढून ठेवते, सासूबाईंना पहिल्यांदा चाललं नाही, मग त्याच म्हणाल्या की जीव असेल तर मंगळसूत्र. अंबाडा घालून मागचा पट्टा बसत नाही, सैल वेणी बरी. नंतर मी नाकपुड्यांना खालून लागणारा छोटा मास्क घेतला, नेझल पिलो म्हणतात, त्यात चमकीच्या बाजूने हवा सुटायची, रात्री चमकी काढायला लागले तेव्हा कुठे जमलं. दुकानदार एकच मास्क गळ्यात मारायला बघतात, दोन-तीन प्रकार लावून, आडवं पडून, मशीन चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पोटात हवा जाते हा प्रकार मला कुणी सांगितला नव्हता. सकाळी उठून ढेकरांवर ढेकर. डॉक्टरांनी वरचा दाब थोडा उतरवला, मग थांबलं.

मशीनला हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर असतो, त्यात पाणी डिस्टिल्डच घालायचं, मेडिकलमध्ये मिळतं. नळाच्या पाण्याने ह्युमिडिफायरच्या टाकीत पांढरा थर बसतो. नाशिकच्या थंडीत नळीत वाफ गार होऊन पाणी साचतं आणि मध्यरात्री नाकात थेंब, दचकून उठायला होतं, त्यावर मी जुन्या सुती साडीचं लांब कव्हर शिवून नळीवर चढवलं, काम झालं. लाइट गेली आणि इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर ह्युमिडिफायर बंद ठेवा, खरी वीज तेच खातं. प्रवासात एक्स्टेन्शन बोर्ड हवाच, गणपतीपुळ्याच्या खोलीत प्लग दाराजवळ आणि पलंग खिडकीशी! पण सांगायचं हे की गणपतीपुळ्याला गेले, जावा-नणंदांबरोबर, एकाच खोलीत झोपले, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून समुद्रावर गेले.

फरक काय पडला? बाथरूमला उठणं सगळ्यात आधी थांबलं. घसा बंद असताना छाती हवा ओढायला जोर लावते, त्यात हृदयावर ताण येतो, त्याला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय आणि ते किडनीला पाणी काढून टाक म्हणून निरोप पाठवतं, असं डॉक्टरांनी समजावलं, मी इतकी वर्षं मूत्राशय म्हाताऱ्याचं झालं समजत होते. डोकेदुखी गेली. स्वप्नं परत आली, ही गोष्ट मला फार आवडली. संध्याकाळी पुस्तकाची पानं वाचून लक्षात राहतात. सकाळी गोल्फ क्लब मैदानावर चालायला जाते, मागच्या महिन्यात पांडवलेणी चढले, मधे थांबत थांबत, पण चढले. मशीनने वजन उतरत नाही हे लक्षात ठेवा, जे काय थोडं उतरलं ते चालण्याने. बीपीची गोळी चालूच आहे, गोळी सुटते म्हणून कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि गोळी घ्या. मशीनवर आता एएचआय 2-3 दाखवतो.

येवल्याला माझे वडील, आमचे दादा, असेच घोरायचे, सगळ्या वाड्याला ऐकू जायचं. 1996 मध्ये 58 व्या वर्षी झोपेत गेले. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, सुखाने गेला. त्यांची अशी टेस्ट कधी झालीच नाही. सिडनीत डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी सीपॅपबद्दल 1981 मध्ये लिहिलं, त्याआधी गळ्याला भोक पाडणं हाच काय तो जोरदार इलाज होता, म्हणजे वडील होते तेव्हा जगात हे यंत्र आलेलं होतं, येवल्यात कुणी ऐकलेलं नव्हतं एवढंच. रात्री मास्क लावताना बऱ्याचदा दादांची आठवण येते आणि मग तक्रार करायचं मनात येत नाही, नळीतल्या थेंबाचीसुद्धा.

अजून एक झालं. मी शांत झोपायला लागल्यावर कळलं की आमचे हेसुद्धा घोरतात, आणि काय घोरतात! इतकी वर्षं माझ्या आवाजात त्यांचं झाकून गेलं होतं. मी व्हिडिओ काढून दाखवला तर म्हणाले, हा मी नाहीच. शेवटी लेकीने दम दिला तेव्हा पुढच्या आठवड्यात टेस्टला तयार झालेत. निघालं तर माझं मशीन वाटून चालणार नाही, दाब ज्याचा त्याचा वेगळा, म्हणजे परत तेवढाच खर्च. कुणीतरी सेकंडहँड घ्या सुचवेल म्हणून आधीच सांगते, जुनं घ्यायचंच तर मॉडेल नीट तपासा. 2021 मध्ये फिलिप्सने आतल्या फोमचे कण श्वासात जाण्याच्या भीतीने बरीच मशीन्स परत मागवली होती. आम्ही नवीनच घेणार. मास्क मात्र यावेळी ह्यांच्या मिशीवर बसतो का ते दुकानातच लावून बघणार.