ईस्टरला स्की घेऊन कुठे उतरावं : येइलो की फिन्से?

नॉर्वेतल्या हार्डांगरविद्दाच्या पठारावर क्रॉस-कंट्री स्कीइंगला जायचं ठरलं की ऑस्लोतल्या आपल्या मंडळींपुढे प्रश्न उरतो तो एवढाच : येइलोला उतरावं, की गाडीत आणखी पाऊण तास बसून फिन्से गाठावं? दोन्ही ठिकाणं बर्गनच्या रेल्वेवरचीच. आम्ही दोन्हीकडे राहून आलो आहोत.

येइलोत सोयीला तोड नाही. दुकानं आहेत, स्की भाड्याने मिळतात, ट्रॅक मशीनने आखलेले असतात. खालच्या भागात झाडी असल्यामुळे वारा अडतो. लहान मुलं कंटाळली तर अर्ध्या तासात खोलीवर परतता येतं.

पण येइलो जेमतेम 800 मीटरवर आहे, आणि ईस्टरच्या सुमाराला तिथे क्लिस्टरशी, म्हणजे स्कीच्या तळाला पकडीसाठी लावायच्या चिकट वॅक्सशी, गाठ पडते. दुपारी वितळलेला ट्रॅक रात्री गोठतो. सकाळी त्या कडक बर्फावर साधं वॅक्स पकड घेत नाही, म्हणून क्लिस्टरची ट्यूब काढायची. काकवीसारखा तो चिकट पदार्थ अंगठ्याने पसरायचा, की तो हातमोज्यांना लागतो, बॅगेच्या चेनलाही लागतो. तेही चालवून घेतलं असतं. पण चढत चढत झाडी संपते, वर कोरडा, ताजा बर्फ लागतो आणि त्याच क्लिस्टरला बर्फाचे गोळे चिकटतात. स्की पुढे सरकतच नाही. मग वाऱ्यात उभं राहून खरवडत बसा. तळाला फेल्टची पट्टी असलेल्या, पकडीचं वॅक्स न लागणाऱ्या स्कीवर हा व्याप बराच कमी होतो, हे खरं; मात्र सकाळच्या कडक चढावर त्या मला मागे घसरवतात.

फिन्से 1222 मीटरवर. हिवाळ्यात तिथे मोटार पोचत नाही, एक झाड नाही. स्टेशनाबाहेर आलं की स्की पायात चढवायच्या आणि निघायचं. अख्खा दिवस एकाच उंचीच्या आसपास जातो, त्यामुळे सकाळी लावलेलं निळं (थंड, कोरड्या बर्फाचं) वॅक्स बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत पुरलं आहे. दक्षिणेला हार्डांगरयोकुलेन ही हिमनदी सतत सोबतीला असते.

वारा मात्र सोसावा लागतो. शॅकलटनने अंटार्क्टिकाच्या मोहिमेआधी 1914 साली आपली सामग्री इथे पारखून घेतली, यावरून काय ते समजा. पुढच्याने उमटवलेला माग बघता बघता बुजतो. बर्फात रोवलेल्या फांद्या वाट दाखवतात, पण त्याही दिसेनाशा झाल्या तर मागे फिरायचं. वेळीच परतण्यात कमीपणा नाही, हा नॉर्वेच्या डोंगरनियमांपैकीच एक नियम. अशा वेळी दिवस हटमध्येच जातो. रोज खरवडत बसण्यापेक्षा मला तो एक दिवस गेलेला परवडतो.

मुलं लहान असतील किंवा स्की पायाला नवीन असेल, तर येइलोच बरं. बाकीच्यांनी, माझं ऐकाल तर, फिन्सेचं तिकीट काढावं. तिथे राहण्याच्या जागा मोजक्याच आहेत, तेव्हा ईस्टरचं बुकिंग हिवाळा लागतानाच करून टाका.