नव्या रॅमचा बिघाड शोधून देणारे जळगावातील दुकान

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये संगणक आणि मोबाइलची दुकाने पुष्कळ आहेत. परंतु नवा भाग बसवल्यावर संगणक सुरूच झाला नाही, तर घाईने दुसरा भाग न विकता दोष नेमका कुठे आहे हे शोधून देणारे दुकान मिळणे कठीण. मला तसे एक मिळाले, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

माझ्या संगणकात ३२०० मेगाहर्ट्झची ८ जीबी डीडीआर४ प्रकारची रॅम होती. तिच्या जोडीला २६६६ची तेवढीच रॅम बसवली आणि तेव्हापासून पंखे फिरत, पण स्क्रीनवर काहीच येत नसे. शहरातील दुसऱ्या एका दुकानात कॅबिनेट उघडताच मदरबोर्ड बदलावा लागेल, असे सांगण्यात आले होते.

या दुकानातील तंत्रज्ञाने कोणताही निष्कर्ष आधी काढला नाही. त्याने वीजपुरवठा तोडला, दोन्ही रॅम काढल्या आणि फक्त जुनी बसवली. संगणक सुरू झाला. मग फक्त नवी बसवली, तर स्क्रीन पुन्हा काळी. इथेच बहुतेक जण नवी रॅम खराब ठरवून मोकळे झाले असते. त्याने मात्र मदरबोर्डावरील नाण्याएवढा सेल काढून बायोसमधील, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधील, सेटिंग पुसले आणि तीच रॅम पुन्हा लावली. आता संगणक व्यवस्थित सुरू झाला. बायोसमध्ये जुन्या रॅमसाठी एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर केलेल्या जास्त वेगाने चालवणारे सेटिंग, चालू होते, त्यामुळे बोर्ड नव्या रॅमलाही ३२००च्या वेगाने पळवू पाहत होता, हे त्याने मला प्रत्यक्ष दाखवून समजावले. शेवटी दोन्ही रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवून वेग २६६६वर ठेवला. जुन्या रॅमचा थोडा वेग गेला, पण दोन्ही चॅनेल, म्हणजे रॅमकडे जाणारे दोन समांतर मार्ग, मिळाले, आणि माझ्या कामासाठी ही तडजोड मला पूर्ण मान्य आहे.

संगणक सुरू झाला म्हणून त्याने लगेच परत दिला नाही, याचे मला विशेष कौतुक वाटते. खान्देशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि सकाळी नीट चालणारा संगणक दुपारी अडखळू शकतो; म्हणून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची तपासणी त्याने भर दुपारी, कॅबिनेट बंद करून, पूर्ण होऊ दिली. पैसे फक्त तपासणीचे घेतले.

उणिवाही आहेत. दुकानात एकच तंत्रज्ञ असल्याने ताटकळावे लागते, आणि बिलावर केवळ ‘दुरुस्ती’ एवढेच लिहिले जाते. काय तपासले आणि कोणते सेटिंग बदलले हे त्यावर नोंदवले, तर पुढच्या वेळी ग्राहकाला फार उपयोग होईल. जाणाऱ्यांनी मॉनिटर नेऊ नये, तो तिथे आहे. नव्या भागाचा खोका आणि बिल मात्र अवश्य न्यावे, कारण तंत्रज्ञ सर्वांत आधी तेच मागतो.