गाडी चालवताना फोनचं काय करायचं: होल्डर, ब्लूटूथ, ड्रायव्हिंग मोड की सरळ डिक्की?

नाशिकमध्ये आडगाव नाक्याहून सातपूर एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला जाणारा असो, गंगापूर रोडला मुलांना क्लासला सोडणारी आई असो की महिन्यातून दोनदा कसारा घाट उतरून मुंबईला जाणारा असो, फोन सोबत असणारच. घरी ठेवून जा म्हणणं सोपंय पण कोणी ठेवणार नाही, त्यामुळे त्यावर बोलत बसत नाही. लोक खरंच जे करतात ते चार प्रकार आहेत, होल्डर लावणं, ब्लूटूथवर बोलणं, फोनमधला ड्रायव्हिंग मोड (गाडी चालवताना कॉल-मेसेज गप्प ठेवणारी सोय) चालू करणं, किंवा फोन डिक्कीत टाकून कुलूप लावणं. यातलं तुम्ही काय निवडायचं ते तुमची गाडी कोणती आणि फोन कशासाठी लागतो यावर ठरतं.

आधी कायद्याचं सांगतो म्हणजे तो विषय संपला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात फोन धरून गाडी चालवणं हे धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच धरलंय, पहिल्यांदा सापडलात तर १ हजार ते ५ हजार दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. ऑक्टोबर २०२० पासून नियमात एवढी सूट आहे की रस्ता बघायला, म्हणजे नेव्हिगेशनला फोन वापरता येतो, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. म्हणजे होल्डरवर मॅप चालतो, हातात धरून व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. पण दंड वाचला म्हणजे जीव वाचला असं नाही, आणि खरी तुलना इथूनच सुरू होते.

आधी होल्डरचं बघू. एमजी रोडला तीन-चारशेपासून मिळतो, कारसाठी मला तो ठीक वाटतो, स्टिअरिंगच्या बाजूला खाली, काचेतून दिसणारा रस्ता झाकणार नाही असा बसवायचा, पत्ता निघायच्या आधी टाकायचा आणि मग फक्त आवाज ऐकायचा. टू-व्हीलरला मात्र मी होल्डर सुचवणार नाही. एक तर पावसाळ्यात आपल्या रस्त्यांचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये, त्यात आता सिंहस्थाच्या कामांसाठी जिकडेतिकडे खोदलेलं, फोन उडाला की माणूस आपोआप त्याच्याकडे हात टाकतो. दुसरं, जास्त ताकदीच्या बाइकच्या इंजिनच्या व्हायब्रेशनने आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन (फोटो हलू न देणारी यंत्रणा) खराब होऊ शकतं असं खुद्द अ‍ॅपलने २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, स्क्रीन डोळ्यासमोर असली की मेसेज आला की नजर जातेच. ताशी ४० ने चाललात तरी सेकंदाला ११ मीटर गाडी पुढे जाते, तीन सेकंद स्क्रीनवर नजर म्हणजे ३३ मीटर न बघता, आणि द्राक्षाच्या सीझनला दिंडोरी रोडवर पुढचा पिकअप किंवा मागे लाइट नसलेला ट्रॅक्टर कधी ब्रेक मारेल याचा काही नेम नसतो.

आता ब्लूटूथ. यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण इथेच लोक फसतात, हात मोकळे आहेत ना मग झालं असं धरून चालतात. हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलणाऱ्याला आपण नावं ठेवतो, पण हेल्मेटला महागडा ब्लूटूथ इंटरकॉम लावून बोलणारा शहाणा वाटतो. बोलण्याच्या बाबतीत दोघांमधला फरक वाटतो तेवढा नाहीये. १९९७ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात टोरांटोत अपघात झालेल्या ड्रायव्हरांचे फोन रेकॉर्ड तपासले होते तर फोनवर बोलताना अपघाताची शक्यता साधारण चौपट निघाली, आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना काही फायदा दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते, हँड्सफ्री काही फारसा सुरक्षित नाही. कारण साधं आहे, अडचण हाताची नाही, डोक्याची आहे. बोलताना डोळे रस्त्यावर असतात पण समोर दिसलेलं मेंदूपर्यंत पोहोचत नाही, माणूस सिग्नलकडे बघतो आणि तरी तो लाल झालेला त्याला कळत नाही. अमेरिकेत २०१५ च्या एका अभ्यासात तर असं दिसलं की गाडीला आवाजाने कमांड देऊन झाल्यावरसुद्धा काही सिस्टिममध्ये लक्ष पूर्ण परत यायला २७ सेकंदांपर्यंत लागतात. म्हणजे तुम्ही मुंबई नाक्याला फोन ठेवला तरी पुढचा चौक ओलांडेपर्यंत डोकं अजून त्या फोनमध्येच असू शकतं.

मग शेजारी बसलेल्याशी बोललेलं कसं चालतं, असं कोणीही विचारेल. शेजारच्याला रस्ता दिसतो ना. द्वारका सर्कलला चारी बाजूंनी गाड्या घुसल्या की तो आपोआप गप्प होतो, वर अहो बस आली म्हणून ओरडतो. फोनवरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही, तो बोलतच राहतो आणि उत्तराची वाट बघतो.

तरी ब्लूटूथ टाकाऊ आहे असं नाही. हेल्मेटचा इंटरकॉम रस्त्याच्या सूचना ऐकायला फार उपयोगाचा, स्क्रीन बघायची गरजच संपते, फोन खिशात राहतो. कारमध्ये अँड्रॉइड ऑटो (फोन कारच्या स्क्रीनला जोडणारी सोय) असेल तर मेसेज वाचून दाखवला जातो, स्क्रीनवर मजकूर येत नाही, हेही चांगलं. घ्यायचा तर ऐकण्यासाठी घ्या. बोलण्यासाठी घेत असाल तर ते पैसे ब्रेक आणि टायरवर घाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

ड्रायव्हिंग मोड फुकट आहे आणि तरी माझ्या बघण्यात सगळ्यात कमी वापरला जातो याचं मला खरंच वाईट वाटतं. आयफोनमध्ये ही सोय २०१७ पासून आहे, आता ती फोकसमध्ये ड्रायव्हिंग नावाने मिळते, गाडी चालू लागली किंवा कारचं ब्लूटूथ जोडलं की आपोआप सुरू होईल असं लावता येतं. सॅमसंगमध्ये मोड्स अँड रूटीन्समध्ये आहे, पिक्सेलमध्ये पण आहे. ज्या फोनमध्ये वेगळा मोड सापडत नाही तिथे साधं डू नॉट डिस्टर्ब लावा आणि घरच्या दोन-तीन जणांना कॉन्टॅक्टमध्ये स्टार करून त्यांचेच फोन येऊ द्या. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, थोड्या वेळात त्याच माणसाने दुसऱ्यांदा फोन केला तर तो वाजू देण्याची सेटिंग असते, अँड्रॉइडला १५ मिनिटांत, आयफोनला ३ मिनिटांत, त्यामुळे एखाद्याला उगाच लागोपाठ फोन करायची सवय असेल तर ती सेटिंग बंद करा. कमजोरी एकच, मनात आलं की दोन टॅपमध्ये मोड बंद होतो. ज्याचा स्वतःवर ताबा आहे त्याला पुरतो, अठरा वर्षांच्या पोराला पुरेलच असं नाही.

स्कूटरच्या डिक्कीला ती कमजोरी नाही. फोन काढायचा तर गाडी बाजूला घ्यावी लागते, चावी काढावी लागते, सीट उघडावी लागते, तेवढ्यात घाई निम्मी उतरते. रोजचा ठरलेला रस्ता, पाथर्डी फाटा ते अंबड किंवा पंचवटी ते कॉलेज रोड, त्याला मॅप लागतोच कुठे? कॉलेजला स्कूटी घेऊन देत असाल तर मी डोळे झाकून डिक्कीच सांगेन, कुठल्याही गॅजेटच्या आधी. बाइकवाल्यांना डिक्की नसते, त्यांनी सॅकच्या आतल्या कप्प्यात टाकावा, पँटच्या खिशात नको, तिथे व्हायब्रेशन लागतं. आणि हो, मनगटावर स्मार्टवॉच असेल तर त्याचंही नोटिफिकेशन बंद करा, नाहीतर फोन डिक्कीत आणि मेसेज हातावर.

लांबच्या प्रवासाला हिशोब बदलतो. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर, तिथे एक नजरही महागात पडते, आणि सरळ रस्त्याला कंटाळा येऊन हात फोनकडे जातो तो वेगळाच. तिथे मी होल्डर आणि ड्रायव्हिंग मोड दोन्ही एकत्र लावीन, मॅप आवाजावर, आणि बरोबर कोणी असेल तर फोन सरळ त्याच्याकडे. एकटे असाल तर इगतपुरीच्या आधी किंवा टोलच्या पुढे थांबून एकदाच सगळे फोन करून घ्या.

डिलिव्हरीवाल्या मुलांना यातलं डिक्कीचं चालत नाही, त्यांचं पोट अ‍ॅपवर आहे. त्यांना कानात आवाजी सूचना आणि फोन खिशात, ऑर्डर बघायची ती थांबूनच, एवढंच सांगता येतं, आणि आपण मागवणाऱ्यांनी पत्ता नीट टाकला, ते गाडीवर असताना कुठे आलात विचारायला फोन केला नाही तरी त्यांचं बरंच काम होतं.

शेवटी राहिलं घरच्यांचं. काहीही निवडलं तरी समोरून फोन येत राहिले तर टिकत नाही. ड्रायव्हिंग मोडमध्ये आयफोनचं ऑटो रिप्लाय, म्हणजे आपोआप जाणारं उत्तर, साध्या मेसेजला जातं, व्हॉट्सअ‍ॅपला नाही, त्यामुळे निघतानाच घरच्या ग्रुपवर "निघालो, पोचल्यावर फोन करतो" एवढं टाकून द्या, आणि आईला, बायकोला, सुपरवायझरला आधीच सांगून ठेवा की त्या अर्ध्या तासात फोन उचलणार नाही, खरंच अर्जंट असेल तर लगेच परत लावा, दुसऱ्या फोनची ती सेटिंग चालू असेल आणि फोन डिक्कीत नसेल तर तो वाजेल, आणि वाजला की मी गाडी बाजूला घेऊन उचलेन.